सात माणसांची भूक

"उठा रे, उठा! घर उपाशी बसलंय!"

बाबांचा हा आवाज अजूनही कधीकधी झोपेच्या काठावर ऐकू येतो. तो जिन्याच्या मधल्या पोकळीतून वर चढायचा. ती पोकळी म्हणजे आमच्या घराची श्वासनळी. तळघरातला गार वारा तिच्यातून वर जायचा, छपराखालच्या झडपेतून बाहेर पडायचा, आणि जाता जाता खालच्या मजल्यावरचं सगळं आमच्या खोलीत आणून टाकायचा. फोडणीचा वास, काकाची शिट्टी, आजोबांचं खाकरणं आणि ही हाक. दुसऱ्यांच्या घरी मुलांना सांगत, पाणी जपून वापरा. आमच्याकडे सगळंच उलटं. आंघोळीला आळस केला तर आपण घराच्या तोंडचा घास काढून घेतला, अशा नजरेनं बाबा बघायचे.

आई घरांचे आराखडे करायची आणि बाबा गुरांचे डॉक्टर. लग्न ठरल्यावर बाबा तिला पहिल्यांदा फिरायला घेऊन गेले ते थेट एका गोठ्यात, कारण वाटेतच बोलावणं आलं. तिथे गाईच्या अंगात खांद्यापर्यंत हात घालून ते होणाऱ्या बायकोला समजावत होते, की हिचं पोट चार कप्प्यांचं असतं. वाळकी काडी आत जाते, एकेक कप्पा तिच्यातून आपापला वाटा काढून घेतो, वाया काही जात नाही. आमचं घर आईला त्या गोठ्यात दिसलं, असं बाबा पाहुण्यांना सांगायचे.

"गोठ्यात मला फक्त शेण दिसलं," आई म्हणायची. "घर नंतर दिसलं. आणि हा माणूस तर त्याच्याही नंतर."

मग तिनं ते घर बांधलं. परसदारी जमिनीखाली चार कप्प्यांची टाकी, म्हणजे घराचं पोट. स्वयंपाकघरातली सालं, देठं, न्हाणीघर आणि संडास यांचं पाणी, सगळं पहिल्या कप्प्यात. तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. जो गॅस सुटायचा तो शेगडीला. चौथ्या कप्प्यातून बाहेर पडणारं पाणी लव्हाळ्यांच्या लांबलचक वाफ्यातून झिरपत झिरपत फळझाडांकडे जायचं. पावसाचं पाणी छपरावरून तळघरातल्या हौदात. आणि भिंतींना पापण्या. दोन जातींची लाकडं एकावर एक चिकटवून केलेल्या पातळ पट्ट्या; हवा कोरडी झाली की आपोआप वळून उघडायच्या, दमट झाली की मिटायच्या. पावसाळी दिवसांत त्या मिटताना बारीक करकर आवाज यायचा. आजोबा म्हणायचे, "झोपलं बघा. आता आपणही पडावं."

पण मला सगळ्यांत जवळची वाटायची ती बदकाची नळी. बदक बर्फात उभं राहतं तरी त्याचं पोट गारठत नाही, हे बाबांनी आईला सांगितलं होतं. पायात उतरणारं गरम रक्त वाटेतच, वर चढणाऱ्या गार रक्ताला ऊब देऊन टाकतं. आईनं न्हाणीघराखाली तेच केलं. आंघोळीचं सांडलेलं गरम पाणी तांब्याच्या एका नळीतून खाली जायचं, आणि तिलाच वेढे घालत नवं पाणी वर, गॅसच्या बंबाकडे यायचं. वाया जाणाऱ्या पाण्याची ऊब नव्या पाण्याला. त्यामुळे आमच्या घरी पहिल्या नंबरला पाणी जेमतेम कोमट आणि शेवटच्याला कढत. पहिला नंबर बाबांचा. कधी चुकलं नाही. आत शिरले की ते मोठ्यानं गायला लागायचे, आणि गाण्याचा सूर जितका वर तितकं पाणी गार, हे आम्हांला बाहेरून कळायचं. शेवटच्या नंबरासाठी माझी आणि दादाची मारामारी. त्यावर आम्हीच जुळवलेलं गाणं होतं,

पहिल्याला कुडकुड, दुसऱ्याला हुडहुड,
तिसऱ्याच्या पायाशी ऊब करी लुडबुड,
चौथा म्हणतो, थांबा जरा,
पाचव्याला लागला उन्हाचा झरा!

सहाव्या-सातव्यांना गाण्यात जागाच नव्हती. ते नंबर कधीकधी काका आणि आजी पटकवायचे. तसं झालं की आम्ही दार वाजवून त्यांना हैराण करायचो.

घर सात जणांच्या हिशोबानं बांधलेलं. एवढी हुशार माझी आई, पण तिची एक चूक झाली. माणूस म्हातारा होतो तशी त्याची भूक कमी होते. आमच्या घराची भूक मात्र सात माणसांचीच राहिली. आजी-आजोबा गेले, काका लग्न करून लांब गेला, दादा नोकरीला गेला, मी शिकायला गेले ती गेलेच. टाकीच्या कप्प्यांत जे जिवंत असतं, डोळ्यांना न दिसणारं, ते आटायला लागलं. गॅस मंदावला. तोवर बाबा होते. रोज सकाळी ते स्टेथोस्कोप कानाला लावून नळावर ठेवायचे आणि आईला खबर द्यायचे, "आज पोटात गुडगुड कमी आहे." मग बाबाही गेले.

आमच्या घरात एक सवय होती. कुणाला काही झालं की बोलायचं ते घराबद्दल. काका घर सोडून गेला त्या दिवशी आई जेवली नाही; विचारलं तर म्हणाली, "तिसरा कप्पा तुंबलाय." मी शिकायला निघाले तेव्हा बाबा सामान उचलून देताना म्हणाले, "पापण्या नीट मिटत नाहीत गं हल्ली," आणि रुमाल काढून चष्मा पुसत बसले. बाबांच्या पश्चात आईचे फोन यायचे तेही असेच. लव्हाळी पिवळी पडलीत. शेगडीची ज्योत बारीक झालीय. मीही आईच्याच धंद्यात. आम्हां दोघींना एकमेकींशी बोलायला याहून सोपी भाषा येतच नव्हती. मी म्हणायचे, गाळ किती साठलाय ते बघ, भाजीबाजारातून टाकाऊ पाला आणून घाल. ती म्हणायची, बघते. मग दोघी थोडा वेळ नुसत्याच फोन धरून असायचो.

शेवटी दादाचा फोन आला.

"आई माझ्याकडे येतेय," तो म्हणाला. "तिसऱ्या मजल्यावर खोली रिकामी केलीय. घर तू बंद करून ये. मला त्यातलं काही कळत नाही, चुकीचा व्हॉल्व्ह फिरवला तर सगळ्या गल्लीत वास सुटेल."

"ती हो म्हणाली?"

"बघू म्हणाली."

"बघू म्हणजे नाही."

"अगं, आईचं बघू म्हणजे बघूच असतं. तू नको त्यात अर्थ काढू. टाकी मेलीय म्हणतेस ना तूच? मग एकट्या बाईनं तिथे काय करायचं, भिंतींना पंखा घालायचा?"

त्याचं चुकत नव्हतं. मी ज्या ऑफिसात काम करते तिथे घरं मीटरवर चालतात. पाणी नळातून येतं, घाण नळातून जाते, दोघांची कधी ओळखही होत नाही. तिथल्या माझ्या टेबलावर मी आमच्या घराचा पुठ्ठ्याचा नमुना ठेवला होता. येणारेजाणारे विचारत, "हे बाहुलीघर का?" मी हो म्हणायचे. खरं सांगायचं तर ते घर उभं आहे, कुठेतरी अजून उघडतं-मिटतं आहे, या एका गोष्टीच्या जोरावर मी बाकीची घरं काढत होते. आणि आता तेच बंद करायला मला जायचं होतं. टाकी उपसायची, कप्पे धुऊन चुना मारायचा, नळ्यांची तोंडं बांधायची. आमच्या भाषेत त्याला घर निजवणं म्हणतात. निजवलेलं घर पुन्हा उठवलेलं मी तरी पाहिलं नाही.

नळ सोडवायच्या पान्यांची जड पिशवी घेऊन बसमधून उतरले. आई दारातच उभी होती, बाबांचा कोपरावर विरलेला स्वेटर घालून.

"वाळलीस," ती म्हणाली.

"तू पण."

"मी वाळले नाही, आटले. आत ये. पाने आणलेस का? मोठे?"

"आणलेत."

"बरं केलंस," एवढंच म्हणून ती चहा टाकायला गेली. ज्योत निळी आणि उंच होती. मला वाटलं, हिनं सिलिंडर घेतला असेल. थकले होते, विचारलं नाही.

सकाळी जाग आली ती गाण्यानं. जिन्याच्या पोकळीतून पुरुषाचा आवाज वर येत होता. सूर एकदम वर गेला, तिथेच थरथरला, मग "हुऽऽ" करून खाली आला. क्षणभर मला बाबाच वाटले. मग लक्षात आलं, गाणं वेगळं आहे, आवाजही वेगळा. मी तशीच अनवाणी खाली धावले.

"आई! न्हाणीघरात कोण आहे?"

"ड्रायव्हर," आई भाजी निवडत म्हणाली.

"कुठला ड्रायव्हर?"

"बसचा. तू काल आलीस ना, त्याच बसचा. रात्रपाळी संपवून येतो."

प्रत्येक घरात सकाळी एक ड्रायव्हर असतोच, अशा आवाजात ती बोलत होती. एवढ्यात दार उघडलं, आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक धिप्पाड माणूस कुडकुडत बाहेर आला. मला बघून तो इतका दचकला की साबण हातातून सुटून थेट माझ्या पायाशी आला.

"ताई! माफ करा हां. काकूंनी सांगितलं नाही तुम्ही इतक्या लवकर उठता ते. पहिला नंबर माझा असतो, पुढच्यांसाठी पाणी तापवायचं काम माझ्याकडे." मग आईकडे वळून, "काकू, आज माझ्या अंगावर धूळ जास्त होती. पोटाला चालेल ना?"

"चालेल. साबण कमी लाव म्हणून किती वेळा सांगितलं? त्या साबणानं दुसरा कप्पा आजारी पडतो."

"कमीच लावतो हो. बायको म्हणते, आंघोळ करून येता की पाण्याला नुसतं भेटून येता?"

मग त्याची बायको आली, तिच्या मागे तीन मुलं. नाक्यावरच्या त्यांच्या खोलीत नळाला करंगळीएवढी धार येते, तीही लहर लागली तर. मुलांची शेवटच्या नंबरावरून दारातच जुंपली. पाठोपाठ टेलरबाई आल्या, गळ्यात टेप तसाच, केसांना तेल लावून. त्यांचं दुकान पलीकडच्या वळणावर. दुकानामागच्या खोलीत राहतात, तिथे न्हाणीघरच नाही. पिशवीतून त्यांनी सालांचा पुडा काढला, पहिल्या कप्प्याचं झाकण स्वतःच्या हातानं उचललं, पुडा आत रिकामा केला आणि झाकण परत लावून वर दोन थापटी मारल्या, बाळाच्या पाठीवर माराव्यात तशा.

"ही काय तुमची मुलगी?" त्या आईला म्हणाल्या. "बंद करायला आलीय ती?"

"तीच."

टेलरबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत मापून घेतलं. "हं," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी परसदारी गेले. झाकणं एकामागून एक उघडली. मेलेल्या टाकीला एक कुजका, जड वास असतो. तो कुठेच नव्हता. होता तो ओल्या मातीचा, आंबूस, गोठ्यासारखा. तिसऱ्या कप्प्यात बुडबुडे एकामागून एक वर येत होते. लव्हाळी माझ्या कमरेच्या वर, अशी दाट की हात आत घालता येईना. बाबांचा स्टेथोस्कोप खुंटीला होता. तो कानाला लावून मी नळावर टेकवला. आधी काहीच नाही. मग न्हाणीघरात मुलांनी पाणी सोडलं असावं. नळातून एक लांब खळाळ उतरला, वळणावर अडखळला, पोटात पोचला, आणि आतून गुडगुड झाली. समाधानाची. मी तिथेच ओल्या जमिनीवर बसले आणि हसले. मग रडलेही असेन. लव्हाळ्यांखेरीज बघायला कोणी नव्हतं.

"हे कधीपासून?" मी आईला विचारलं.

"बाबा गेल्यावर पहिला हिवाळा आला ना, तेव्हापासून." ती शेंगा सोलत होती. "एकट्या माणसाचा नंबर नेहमी पहिलाच लागतो गं. पाणी कधी गरमच यायचं नाही. एक दिवस ड्रायव्हर थांब्यावर चिखल धूत बसला होता, बादलीनं. मी म्हटलं, घरी चल आणि माझ्या आधी आंघोळ कर. तो घाबरला. त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला, खात्री करायला."

"मला सांगितलं का नाहीस? मी फोनवर गाळ उपसत बसले होते!"

"तू एवढं मन लावून सांगायचीस," ती म्हणाली आणि शेंगांचं भांडं दुसऱ्या मांडीवर घेतलं.

माझे पाय दुपारभर जमिनीवर नव्हतेच. पाने पिशवीतून काढलेही नाहीत. आईच्या जुन्या तिरप्या टेबलाशी बसून आराखडा काढायला घेतला. वरची खोली ड्रायव्हरच्या कुटुंबाला. काकाच्या खोलीत टेलरबाईंचं मशीन, उजेड चांगला आहे. न्हाणीघराला बाहेरून वेगळं दार, म्हणजे आईची झोपमोड नको. जेवताना मी बोलत होते आणि आई माझ्या ताटात वाढत होती.

"दादाला मी सांगते. काही निजवायचं नाही, काही बंद करायचं नाही. अंगावर मूठभर मांस चढलंय घराच्या. तू इथेच राहा, ही सगळी आहेत. मी सुट्ट्यांना येईन. वर्षातून दोनदा तरी येईन. आई, ऑफिसातल्या लोकांना घेऊन येईन, दाखवायला! त्यांना कळू दे चालतं घर म्हणजे काय ते."

"भात घे अजून."

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय की. कान शाबूत आहेत."

ऊन कललं तशी ती परसदारी जाऊन पायरीवर बसली. मीही शेजारी बसले. लव्हाळ्यांतून वारा जात होता. घराच्या पापण्या एकेक करून मिटत होत्या, तो बारीक आवाज आम्ही दोघी ऐकत होतो. लहानपणी या वेळी इथे सात जण असायचे; पायरीवर जागा पुरायची नाही म्हणून मी आईच्या मांडीत बसायचे आणि दादा झाडावर. काका त्याला खालून खडे मारायचा. कुणीतरी कुणाला तरी आत हाका मारत असायचं.

"किती छान चाललंय सगळं," मी म्हटलं. "मला वाटलं होतं, सगळं संपलं असेल."

 आई स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली.

"पाने मोठे आण म्हटलं होतं ते आठवतंय?" तिनं मग विचारलं.

"हो. टाकी उघडायला."

"टाकीला नाही. वरच्या मजल्यावर त्यांची पाण्याची जोडणी करायची आहे. माझ्या हातात आता जोर नाही." तिनं धागा सोडला. "ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय. त्यांची पाच माणसं, सहाव्या टेलरबाई. त्यांनी इथे राहायचं. घराचं पोट त्यांना कळतं. बाईंना तर माझ्याहून जास्त. मेलेलं घर कुणाच्या गळ्यात बांधायचं, म्हणून मी एवढे दिवस त्याला भरवत बसले होते. चालतं करून द्यायचं होतं."

"अगं, मग छानच! तू त्यांच्यासोबत..."

"मी नाही."

मी तिच्याकडे बघितलं. ती लव्हाळ्यांकडे बघत होती.

"मग दादाकडे? खरंच जाणार आहेस तू?"

"दादा चांगला आहे. खोली रिकामी केली म्हणाला. पडदेसुद्धा लावलेत." तिनं पायरीवरचं वाळकं पान झटकलं. "नाही. दादाकडे नाही."

"मग कुठे?"

 संध्याकाळी पुन्हा आलेल्या मुलांचा आतून आवाज आला, कुणी पाट ओढला, कुणी हसलं. मी काही विचारलं असतं, तर ते पुन्हा कप्प्यांबद्दलच असतं, नाहीतर नळ्यांबद्दल. म्हणून गप्प बसले. असं गप्प बसणं मला कधी जमलं नव्हतं.

"तुझ्या त्या खोल्या," ती म्हणाली, "दोनच आहेत ना?"

"दोन. खाली बेकरी. पहाटेपासून भट्टीचा आवाज. खिडकी उघडली की समोरच्याची भिंत हाताला लागते. आई, ते घर म्हणण्यासारखं नाही गं. तुझ्यासारख्या बाईनं तिथे... भिंती श्वाससुद्धा घेत नाहीत तिथल्या."

"भिंतींचं काय करायचंय. मी घेईन की श्वास." ती हसली, पण हसू लगेच ओठांवरून उतरलं. माझा हात तिनं आपल्या मांडीवर ओढून घेतला, दोन्ही हातांत धरला. तिचे हात गार होते. "तू तुझ्या कामात असतेस. मी आले तर तुला अडचण होईल, हे मला कळतं. म्हणून बोलले नाही इतकी वर्षं. बाबा होते तोवर तेच म्हणायचे, पोरीला विचार, पोरीला विचार. मी म्हणायचे, विचारीन. घराला अमुक झालंय, घराला तमुक झालंय, हेच सांगत बसले तुला. घराला काही झालं नव्हतं गं. मला करमत नाही. मला तुझ्याजवळ राहायचंय."